आखूड दस्ता

दुकानदार ग्रॅहमने रायफल काउंटरवरच्या जाड कापडावर आडवी ठेवली आणि गुरुदत्तने नजर दुसरीकडे वळवली. त्याचा मुलगा नील अपघातात गेला, त्याला तीन महिने झाले होते. घरात बंदुकीचं लायसन्स फक्त नीलच्या एकट्याच्या नावावर, म्हणून पोलिसांनी ती कपाटातून काढून ऑस्ट्रेलियातल्या वॉलॉंगॉंगच्या या बंदुकांच्या दुकानात जमा केली होती. आता गुरुदत्तने फॉर्मवर एका चौकटीत खूण करायची होती. विकायची, नाहीतर नष्ट करायची.

"बाबा, किंमत विचार, साइन कर आणि चल," मिताली म्हणाली. "आय कान्ट स्टे हिअर." दादाचं नाव तिने महिनाभरात उच्चारलं नव्हतं.

दुकानात हीटर होता, तरी गुरुदत्त कुडकुडत होता. अंगातलं जॅकेट पार झिजलेलं. फेब्रुवारीत एकदा नीलने टेप आणून त्याच्या हाताचं माप घेतलं होतं. जूनच्या थंडीच्या आत नवं जॅकेट आणतो म्हणाला होता. ते काही आलं नाही.

ही रायफल गुरुदत्तला घरात कधीच नको होती. पहिल्या पगारातून नीलने ती आणली तेव्हा तो पंधरा दिवस मुलाशी बोलला नव्हता. पोर्ट केम्ब्लाच्या पोलाद कारखान्यात बावीस वर्षं लेथवर काढलेला माणूस, हट्टाला पेटला की पेटला. खंडेनवमीला तो आपली मापाची हत्यारं, व्हर्नियर आणि मायक्रोमीटर, देवापुढे ठेवी. गेल्या वर्षी नीलने शेजारी रायफल आणून ठेवली, तर हळदकुंकू लागायच्या आत त्याने ती उचलायला लावली. "हे हत्यार आपलं नाही," म्हणाला. नीलने मुकाट्याने उचलली. तरी रविवार आला की पोरगा विचारायचाच, "बाबा, एकदा शूटिंग रेंजवर चल ना." बाबा एकदाही गेला नाही.

"लिथगोच्या कारखान्यातली, एकोणीसशे बेचाळीस सालची." ग्रॅहमने कपाळावरचा चष्मा खाली ओढला. "लढाई संपल्यावर कुणा शेतकऱ्याने स्वस्तात घेतली असणार. पुढचं लाकूड कापलं, नळी तीन इंच छाटली आणि सशांच्या मागे लागला. तेव्हा सगळे तेच करायचे. होती तशी ठेवली असती तर घ्यायला रांग लागली असती. आता तीनशे डॉलर, मेट."

"ओके. तीनशे," मिताली लगेच म्हणाली.

"थांबा." ग्रॅहमने रायफल फिरवली आणि मागच्या, खांद्याला टेकवायच्या दस्त्यावर बोट ठेवलं. "हा एल दिसतो? उंच शिपायांना सैन्यात लांब दस्ता द्यायचे. त्याची ही खूण. असा दस्ता सहसा हाती लागत नाही. आणि नेमका तोच कुणीतरी कापलाय, चांगला दीड इंच. मग दोनशेच."

"त्या शेतकऱ्यानेच कापला असेल," मिताली म्हणाली.

"नाही. कापलेलं लाकूड अजून ताजं आहे. हे काम या वर्षातलं. कापून टोकाची मूळची पितळी पट्टी परत बसवलीय. हात मात्र चांगला आहे हं. स्क्रू बघा."

गुरुदत्तने पहिल्यांदा वाकून पाहिलं. पट्टीला दोन स्क्रू होते आणि दोन्हींच्या खाचा एका सरळ रेषेत होत्या. काम संपलं की खाचा एका रेषेत आल्याच पाहिजेत, हे नीलला त्यानेच शिकवलं होतं. पोरगा तेव्हा नऊ वर्षांचा होता, मागच्या दाराची बिजागरी बसवत होते दोघं. एक खाच वाकडी राहिली म्हणून त्याच्याकडून सगळं पुन्हा खोलून घेतलं होतं.

"हे माझ्या मुलाचं काम आहे," तो म्हणाला.

"उंची किती होती त्याची?"

"सहा फूट एक."

ग्रॅहमने मान हलवली. "मग लांब दस्ता त्याला अगदी बरोबर होता. कापल्यावर त्याला ती नीट धरतासुद्धा आली नसेल. स्वतःसाठी नाही केलेलं हे." तो बोलता बोलता थांबला. समोरच्या बुटक्या माणसाकडे त्याने वरपासून खालपर्यंत पाहिलं. "जरा हात वाकवा. कोपरात."

"कशाला?"

"आमच्याकडे माप असंच घेतात. दस्ता कोपराच्या खोबणीत टेकवायचा आणि बोट चापापर्यंत पोचतं का बघायचं."

गोळी नळीत सरकवणारा बोल्ट आधीच काढून ठेवलेला होता. तरी ग्रॅहमने रायफल रिकामी असल्याची पुन्हा खात्री केली आणि दस्ता गुरुदत्तच्या कोपरात बसवला. गुरुदत्तचं बोट पुढे गेलं आणि चापावर येऊन टेकलं. सुताचाही फरक नव्हता. आयुष्यभर मापं घेत आलेल्या माणसाला ते कुणी सांगायची गरज नव्हती.

मिताली जवळ आली. तिने बापाच्या बोटाकडे पाहिलं आणि तोंडावर हात दाबून धरला.

"घरी नेता येईल?" गुरुदत्तने विचारलं.

"लायसन्सशिवाय नाही. सॉरी, मेट." ग्रॅहमने रायफल परत घ्यायला हात पुढे केला. गुरुदत्तने कोपर सरळ केलं नाही. ग्रॅहमने हात तसाच मागे घेतला आणि फॉर्म हळूच बाजूला सारला.

"तुमचं माप त्याला मिळालं कुठून?" ग्रॅहमने विचारलं.

गुरुदत्त आपल्या झिजलेल्या बाहीकडे पाहत होता.

"जॅकेटसाठी म्हणाला होता," तो म्हणाला.