नववी बाटली

नववी बाटली संपली तेव्हा शालनताई अजून दुबईच्या विमानतळावरच होत्या. मांडीवर पाच महिन्यांची नात, ओवी. सिएटल ते मुंबई साडेबारा हजार किलोमीटर, विमान बदलून बावीस तास, असा हिशेब धरून मृण्मयीने स्वतःचं दूध काढून आईला नऊ बाटल्या भरून दिल्या होत्या. तिची बाळंतपणाची रजा संपली होती. नवराबायको दोघांच्या नोकऱ्या, बाळाला बघायला कुणी नाही, म्हणून ओवी वर्षभर आजीकडे मिरजेला राहणार होती. पण धुक्यामुळे मुंबईचं विमान सहा तास अडकलं.

ओवी भुकेने रडून लाल झाली. शेवटी शालनताईंनी तिथल्याच दुकानातून दुधाच्या पावडरीचा डबा घेतला आणि कोमट पाण्यात पावडर कालवली. “घे गं बाळा, एवढं घे,” त्या म्हणाल्या. बाळ तोंड फिरवेल अशी धास्ती होती. ओवीने मात्र घटाघटा सगळी बाटली संपवली आणि खुशाल झोपून गेली. शालनताईंना हायसं वाटलं, आणि मृण्मयीच्या नऊ रिकाम्या बाटल्या त्यांनी एकेक करून पिशवीत भरल्या.

तेवढ्यात मृण्मयीचा फोन आला. “आई, दूध पुरलं का गं?”

“पुरलं की. झोपलीय बघ शांत.”

मृण्मयी हळूच म्हणाली, “माझं थांबतच नाहीये. ऑफिसात दोनदा कुर्ता भिजला. आत्ता बाटलीभर काढलंय. ओतून टाकू का?”

शालनताईंना ‘हो’ म्हणवेना. “असू दे,” त्या म्हणाल्या, “फ्रीजमध्ये ठेव.”