ओढ्याकडची दोन एकर

धाकटे दीर हणमंतराव बक्षीसपत्राचा कागद घेऊन राहीबाईंकडे आले.

"वैनी, आमच्या दिग्विजयची इंजिनियरिंगची फी माफ करायची तर कमी उत्पन्नाचा दाखला पायजे. एवढ्या बागायतीवर तलाठी देत न्हाई. दोन एकर तुमच्या नावावर दावू. नुसता कागुद हाय, भ्यायचं न्हाई."

राहीबाईंनी एवढेच विचारले, "ओढ्याकडची करता का?"

"करू की! तुमाला कुठं कसायची हाय?"

सातबाऱ्यावर राहीबाईंचे नाव चढले. दिग्विजयचा दाखला निघाला, फी माफ झाली. पुढच्या महिन्यात बँकेचा माणूस ओढ्याकडची जमीन बघायला आला, तसे हणमंतराव उसातून धावत राहीबाईंच्या दारात आले.

"वैनी, माझी जमीन तारण ठिवली?"

"माझ्या लेकीच्या, प्रांजलच्या मेडिकलच्या शिक्षणाच्या कर्जाला."

"आवं, त्यो नुसता कागुद व्हता!"

"व्हय," राहीबाई म्हणाल्या. "तुमच्या दादांच्या तेराव्याला ह्याच दोन एकरांचा हक्क सोडायला माझी सही घेतलीसा, तवाबी नुसता कागुदच व्हता, भावजी."