कापडाची उलटी बाजू

“जिची हरकत नसेल तिनं हात वर करावा,” अध्यक्षबाई म्हणाल्या.

एकही हात वर झाला नाही. चटईवर तेवीस बायका बसल्या होत्या. कुणी उगाच दोरा तोडत होती, कुणी चष्मा पुसत होती. दाराशी शेठाणी उभी होती. चपला बाहेर काढलेल्या, कापडी पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी धरलेली.

शेठाणी आता ती नावालाच. शेठ जाऊन दोन वर्षं झाली होती. मुलांनी गोदाम विकलं, आईला घरामागच्या एका खोलीत ठेवलं आणि आपापल्या वाटेनं निघून गेले. पण ते गोदाम या बायका विसरल्या नव्हत्या. त्यांनी भरतकाम केलेले उशांचे अभ्रे शेठ तिथे घ्यायचा. नखानं टाके उचकटून पाहायचा आणि द्यायचा ते चहापाण्यापुरतं. टाका चुकला की पुढचं काम बंद.

मग सगळ्यांनी मिळून ही खोली भाड्यानं घेतली. दूरच्या शहरातलं एक दुकान मिळालं. ते मधे दलाल न ठेवता माल घ्यायचं. भाव समोरासमोर बसून ठरायचा, अर्धे पैसे आधी यायचे आणि प्रत्येक अभ्र्याला ज्या बाईनं तो भरला तिच्या नावाची चिठ्ठी असायची. त्या कामावर कुणाच्या घरावर नवे पत्रे चढले, कुणाची मुलगी कॉलेजात गेली. संस्थेचा नियम साधा होता. नवी बाई घ्यायची तर आधी वीतभर नमुना, मग सगळ्यांचा होकार.

नमुना शेठाणीनं सकाळीच, दारातल्या पायरीवर बसून, सगळ्यांच्या देखत भरून दिला होता. तो हातोहात फिरत होता. वयानं सगळ्यांत लहान असलेल्या धाकटीनं तो उलटा केला आणि ती उसळलीच.

“हे बघा! दोऱ्याच्या टोकाला गाठ नाही. तीन टाक्यांखालून मागे ओवून घेतलंय. ही आपली रीत आहे, आत्यांची! नवऱ्यानं आपला घाम चोरला, आता ही आपलं काम चोरतेय.”

खोलीत कुजबुज उठली. ती रीत म्हणजे संस्थेची अब्रू होती. उलट्या बाजूला एक गाठ सापडत नाही, म्हणून तर दुकानवाले त्यांचा माल डोळे मिटून घ्यायचे. आणि ती सगळ्यांना शिकवली होती आत्यांनी. आत्या सगळ्यांत जुन्या. शेठचा जाचही त्यांनीच सगळ्यांत जास्त सोसलेला.

“आत्या, तुम्हीच काय ते बोला,” अध्यक्षबाई म्हणाल्या.

आत्यांनी नमुना डोळ्यांजवळ नेला. उलट्या बाजूवरून अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला.

“यांनी नाही चोरलं,” त्या शेवटी म्हणाल्या. “चोरलं असेल तर मी.”

कुणाला काही कळेना.

“माझी पोर दीड वर्षाची होती तेव्हा चार महिने अंथरुणाला खिळली होती. एका हातानं तिला थोपटायचं आणि दुसऱ्या हातानं अभ्रे भरायचे. काय भरणार, डोंबल! पानं अर्धी, फुलं वाकडी. तसेच नेऊन गोदामातल्या ढिगात टाकायची. वाटायचं, आज शेठ हाकलणार. पण दोन दिवसांनी तेच अभ्रे कडा शिवायला परत मिळायचे, तर पानं पूर्ण आणि फुलं सरळ. मला वाटायचं, झोपेत मीच भरली असतील. पण उलट्या बाजूला हे असं असायचं, बिनगाठीचं. न्याहाळून न्याहाळून मी ते शिकले. काम सुटलं नाही म्हणून पोरीचं औषध सुटलं नाही. आज ती दोन लेकरांची आई आहे.” त्यांनी दाराकडे पाहिलं. “ते हात तुमचे होते?”

शेठाणीबाई जमिनीकडे बघत होत्या. “दुपारी जेवून ते झोपायचे,” त्या हळूच म्हणाल्या. “तेवढ्या वेळात जमेल तेवढं करायची.”

“मग हे सकाळीच नाही का सांगायचं?”

“केलेलं मोजून दाखवून जागा कशी मागणार?”

पहिला हात धाकटीचा वर गेला. मान मात्र तिची खाली होती. मग किती हात वर झाले ते अध्यक्षबाईंनी मोजलंच नाही.

आत्या गुडघ्यांवर हात टेकत उठल्या. शेठाणीबाईंच्या हातातली पिशवी काढून घेतली आणि त्यांना खिडकीशी, आपल्या शेजारी, उजेडात आणून बसवलं. त्यांचे दोन्ही हात आपल्या हातांत धरले.

“माझी पोर तुमच्यामुळे जगली. हे ऋण मी कसं फेडू, तुम्हीच सांगा.”

“ऋण कसलं, आत्या?” शेठाणीबाई म्हणाल्या. “लग्नाआधी मी दिवस दिवस भरतकाम करायची. ताटावर बसले तरी आई म्हणायची, अगं, ती सुई ठेव आता. आणि इथे शेठच्या बायकोनं सुई धरली तर म्हणे घराण्याला बट्टा. सहा वर्षं सुईला बोट लागलं नव्हतं. मग तुमचे ते अर्धे अभ्रे यायला लागले...”

त्या थांबल्या. पदरानं डोळे टिपले आणि चोरी पकडली जावी तशा ओशाळून हसल्या.

“खरं सांगू? पुढे तुमचे टाके सरळ यायला लागले ना, त्या दिवशी मी खूप रडले.”