आपोआप

"आपला पाल्य आज गैरहजर आहे." चनबसप्पांच्या फोनवर हा निरोप पुन्हा पुन्हा येऊ लागला आणि त्यांच्या मनात पाल चुकचुकली. शिवानी तर रोज डबा घेऊन कॉलेजला निघते. मग जाते कुठे? लेकीला एका शब्दाने न विचारता त्यांनी शिक्षण पुरे असं ठरवलं आणि मंद्रूपच्या पाहुण्यांना सोमवारी मुलगी बघायला बोलावून टाकलं. तरी चोरी पकडावी म्हणून आज ते तिच्या मागोमाग आले आणि कॉम्प्युटरच्या वर्गाच्या दाराआड उभे राहिले.

शिवानी पहिल्याच बाकावर होती. "ताबीश?" हजेरी घेताना सरांनी हाक मारली. कुणी ओ दिली नाही. सरांनी कॉम्प्युटरवर त्याची गैरहजेरी टाकली आणि त्याच क्षणी चनबसप्पांच्या खिशातला फोन वाजला. तोच निरोप.

आवाज ऐकून शिवानी बाहेर आली. निरोप वाचून तिने कपाळाला हात लावला. "अप्पा, कॉलेजच्या हजेरीच्या प्रोग्रॅममधला हा ट्रिगर मीच लिहिलाय. कुणाचीही गैरहजेरी पडली, की निरोप आपोआप जातो. तपासायला तुमचा नंबर घातला होता, तो बदलायचाच राहिला."

"कोन आलं न्हाई, कोनाच्या बापाला सांगायचं, ते बघत न्हाई व्हय त्यो?"

"न्हाई की. त्याला विचार करता येत नाही. एक झालं, की दुसरं करून मोकळा."

 चनबसप्पांनी तिथूनच मंद्रूपला फोन लावला. "पाहुणं, सोमवारी येऊ नका. पोरगी शिकतीया."