बँड नसताना

सौंसर मागे पडलं आणि मैना पुन्हा नाचू लागली. दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा, हवेत बहराचा गोड वास, रस्त्यावर चिटपाखरू नाही. आणि लग्नाची ही पांढरी घोडी मान वाकवून थयथयत होती.

मोटरसायकलवर हळूहळू सोबत येणाऱ्या संदीपनं कपाळावर हात मारला. "पाहा बाबा! बँड नाही, नवरदेव नाही, अन् हे नाचून राहिली. परवा तो नवरदेव पडताच होता. येड लागलं हिले. भैय्याजी घेतो म्हणते, तेच नशीब."

त्याचा बाप हिरामण मैनेवर बसला होता. पांढुर्ण्याच्या भैय्याजींना घोडी विकायचं ठरलं, तेव्हा त्यानं एकच हट्ट धरला होता: टेम्पोत घालायची नाही, मी बसून नेतो. रामाकोन्याहून निघून हा दुसरा दिवस. कंपवातानं सहा वर्षांत त्याचे पाय त्याचे ठेवले नव्हते. घराच्या उंबऱ्याशी ते रुतून बसत, हाका मारूनही येत नसत. मैनेवर बसलं की मात्र तिची चाल त्याच्या कमरेतून वर चढे आणि आपणच चालतोय असं वाटे. कापसाची शेतं ढगांसारखी मागे सरकत होती. खाली जमीन आहे की नाही, हेही त्याला कळेनासं झालं होतं. संध्याकाळी हे पायही जाणार होते.

"बाबा, गोळीची वेळ झाली."

हिरामणनं लगाम मैनेच्या मानेवर टाकला, गोळी घेतली, पाणी प्यायला. मैना शांत चालत होती. बाटली परत देऊन त्यानं लगाम उचलला. मैना नाचू लागली.

त्यानं लगाम सोडला. ती सरळ चालली. उचलला, नाचली.

तो बराच वेळ आपल्या बोटांकडे पाहत राहिला. वीस वर्षं त्यानं वराती केल्या. पाय रुतू लागल्यावरही वरातीच्या मुंगीच्या चालीनं तो तिच्यापुढे चालला. लगाम मात्र कधी दुसऱ्याच्या हाती दिला नाही. संदीपच्याही नाही.

"संदीप, हा लगाम काढून घे."

"अन् तुमी धरसान काय?"

"आयाळ. अन् भैय्याजीले फोन लाव. घोडी देत नाही म्हण."

"अन् लग्नात हिले धरन कोण?"

"तू." हिरामणनं लगाम सोडून दिला. "माह्यानं आता होत नाही."

संदीपनं गाडी थांबवली. "येडी घोडी मी कशी सांभाळू?"

"येडी नाही रे ते." हिरामणनं तिच्या मानेवर हात ठेवला. "लगाम थरथरला का नाचाचं, हे मीच शिकवलं तिले. दोन सालापासून माहा हात कापते, अन् बिचारी त्याचंच आयकून राहिली."