फाटकावरची वेळ

"बाई, तुमचा नवरा अकरालाच बाहेर पडला होता," साहेब म्हणाले. "विषारी वायू सुटला चार वाजता. रस्त्यात दारू पिऊन पडला आणि मेला, त्याला कारखाना काय करणार?"

"ते दारूला शिवत नव्हते हो!" गोदाने डोळ्यांना पदर लावला.

पण संगणकाची नोंद होती ना! मागच्या फाटकावर त्याच दिवशी नवं यंत्र बसलं होतं. बिल्ल्याचा नंबर दाबायचा, वेळ आत साठायची. पडद्यावर दिसायची नाही.

ऑफिसात संगणक चालवणाऱ्या दमयंतीला हे ऐकवेना. तिचा नवरा लवू गोदाच्या नवऱ्याच्या, भागोजीच्याच विभागात होता. त्या सकाळी सुट्या भागांसाठी चिपळूणला गेला, म्हणून बचावला. देवाचीच कृपा, दुसरं काय!

तेव्हापासून लवू ताट पुढे सारायचा. "दोस्त गेला. घास उतरत नाही." तिच्या जिवाला घोर लागला होता.

त्या संध्याकाळी ती म्हणाली, "अहो, फाटकावरच्या यंत्राचं शेल, म्हणजे आपले हुकूम वाचणारा प्रोग्राम, वेगळं आहे. ऑफिसातल्याला 'सेटएन्व्ह' लिहून आपली वेळ सांगतात. इंजिनियरने तीच ओळ तिथे उतरवली. त्या शेलला ती कळतच नाही. त्याला वेळ सांगून वर 'एक्स्पोर्ट' म्हणावं लागतं. बापडं लंडनची वेळ धरून बसलंय, साडेपाच तास मागे!"

लवूने विचारलं, "खात्री आहे?"

"आहे. पण साहेब चिडले, नोकरी गेली तर?"

"जाऊ दे. गोदावहिनीला तिच्या हक्काचं मिळू दे."

दुसऱ्या दिवशी तिने साहेबांसमोर दोन ओळी दुरुस्त केल्या आणि नोंदी पुन्हा छापल्या. भागोजी साडेचारला बाहेर पडला होता, वायू सुटल्यानंतर. साहेबांनी तोंड वाकडं केलं, पण भरपाईला हो म्हणाले. गोदा दमयंतीच्या गळ्यात पडून रडली.

दमयंती हरखून घरी आली. "तुम्ही धीर दिलात म्हणून जमलं हो! आज तरी पोटभर जेवा."

लवू चपला घालत होता. "एकट्या भागोजीचीच वेळ बदलली, की सगळ्यांची?"

"सगळ्यांचीच. यंत्राला कुठे माणसं ओळखता येतात? पण तुम्ही निघालात कुठे?"

"साहेबांकडे. त्यांनी कागदावर माझी बाहेर पडल्याची वेळ वाचायच्या आत," लवू म्हणाला. "मी चिपळूणला गेलोच नव्हतो. वायूची झडप मीच उघडी टाकली होती."