हलवा होईपर्यंत

“आता चाळीस मिनिटं तुम्ही काहीच करायचं नाही, मावशी,” यंत्र दाखवायला घरी आलेली रेश्मा म्हणाली. गाजरं यंत्रानंच किसली होती. आता दूध, साखर, तूप घातलेला हलवा ते आपला आपण ढवळत होतं. कणीक मळणं, भाज्या चिरणं, वाफवणं, सगळं ते करणार होतं. पण किंमत ऐकून सदाशिवरावांनी केव्हाच नकारार्थी मान हलवली होती.

शालनताई थोडा वेळ ओट्यापाशी उभ्या राहिल्या. हातांना काही काम नव्हतं. मग त्या गॅलरीत जाऊन बसल्या. समोर कृष्णेच्या पाण्यावर दुपारचं ऊन तरंगत होतं. पलीकडच्या डोंगरावरून ढगांच्या सावल्या सावकाश उतरत होत्या. चौतीस वर्षं याच घरात राहून त्यांनी नदीची ही वेळ कधी पाहिली नव्हती. पाहता पाहता आपणही त्या पाण्याबरोबर कुठंतरी निघालोय, असं त्यांना वाटू लागलं.

“बरं वाटत नाहीये का?” सदाशिवरावांनी दारातून विचारलं.

“नुसती बसलेय. तुम्हीही बसा ना.”

ते बसले. आत यंत्र वाजलं, तरी शालनताई उठल्या नाहीत. शेवटी रेश्मानंच वाट्या बाहेर आणून दिल्या.

“तुझ्या हातची चव नाही,” पहिला घास घेऊन सदाशिवराव म्हणाले.

“नसेना का,” नदीवरची नजर न काढता त्या म्हणाल्या.

त्यांनी बायकोकडे पाहिलं. इतकी निवांत ती त्यांना पहिल्यांदाच दिसत होती. हलवा संपवून ते रेश्माकडे वळले.

“कधी आणून द्याल?”